जुन्या होम कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमिंग शिकलेले लोक त्या दिवसांबद्दल इतकं का बोलतात?

तुम्ही विचारलंय की आता फोनवरही पायथॉनसारखी प्रोग्रॅमिंगची भाषा चालते, मग त्या जुन्या मशीनचं एवढं काय? मी माझ्यापुरतं सांगतो. ते मशीन अख्खंच्या अख्खं डोक्यात मावायचं.

१९८८ ला काकाने स्पेक्ट्रम प्लस हा होम कॉम्प्युटर आणला, मूळ सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा, पण डेसिबेल्स कंपनीने इथे लायसन्सवर काढलेला. ४८ केबी रॅम, प्रोग्रॅम सेव्ह करायला टेपरेकॉर्डर, आणि स्क्रीन म्हणजे घरातला एकुलता एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. चालू केला की थेट बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा समोर, पी दाबला की प्रिंट हा पूर्ण शब्दच उमटायचा. पोक २२५२८,१६ दिलं, म्हणजे मेमरीतल्या २२५२८ नंबरच्या जागी १६ हा आकडा ठेवला, की डावीकडे वरच्या कोपऱ्यातला ८ बाय ८ चा चौकोन लाल व्हायचा, म्हणजे आमच्याकडे करडा, पण सिंक्लेअरवाल्यांनी रंगांचे नंबरच काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेडाच्या क्रमाने लावलेत त्यामुळे ० ते ७ आम्हालाही वेगवेगळे दिसायचे, काय विचार केला असेल बघा! २२५६० म्हणजे त्याच्याच खालचा चौकोन, कारण एका ओळीत ३२. हे एकदा कळलं आणि मला रात्री झोप नाही.

आता टीव्ही मिळायचा बातम्या संपल्यावर, रविवारी सकाळी तर शेजारपाजारचे सगळे आमच्याकडेच. त्यामुळे प्रोग्रॅम वहीत लिहायचा आणि मनातच चालवून बघायचा, एकेक ओळ, व्हेरिएबलची किंमत पेन्सिलने खोडून नवी लिहायची. मला वाटतं खरं शिक्षण तिथेच झालं, मशीनसमोर नाही.

एकदा आईची ठिपक्यांची रांगोळी काढायला घेतली. ठिपके प्लॉट या कमांडने झाले, रेषा काढणाऱ्या ड्रॉ कमांडच्या रेषा मात्र स्क्रीनबाहेर जायच्या आणि 'इंटीजर आउट ऑफ रेंज' ही एरर, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर. तीन दिवस ग्राफ पेपरवर आकडे तपासले, सगळे बरोबर. मग आईला म्हटलं तू कशी काढतेस ते बोलत बोलत काढ ना. ती ओट्यावरच पिठाने काढायला लागली, "इथून दोन उजवीकडे, इथून एक वर, इथून परत दोन..." प्रत्येक वेळी 'इथून'. आणि मी ड्रॉला प्रत्येक ठिपक्याचा कोपऱ्यापासूनचा पत्ता देत होतो, त्याला हवं होतं फक्त आत्ता आहे तिथून किती ते.

रात्री बातम्यांनंतर रांगोळी पूर्ण उमटली. आई हात पुसत आली आणि म्हणाली, मधला एक ठिपका राहिलाय रे.