सोसायटीतल्या शेवग्यावर केसाळ सुरवंट झालेत, मुलांच्या अंगावर पुरळ उठतंय. झाड तोडावं का?

नाही, तोडू नका. तुम्ही लिहिलंय की मुलुंडच्या तुमच्या सोसायटीत पार्किंगला लागून शेवगा आहे, त्याच्या खोडावर तपकिरी केसाळ सुरवंट थापल्यासारखे बसलेत, मुलांना खाज सुटलीय, सेक्रेटरी झाडच तोडायचं म्हणतायत आणि तुमच्या बाल्कनीतल्या लिंबावरही अळ्या दिसल्यात. शेवगा आणि लिंबू ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. लिंबाकडे शेवटी येतो.

आधी सेक्रेटरींचं बघू. सोसायटीच्या आवारातलं असलं तरी झाड मनाने तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणी करायची असेल तरी वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात अर्ज द्या. कमिटी मीटिंगमध्ये एवढं सांगितलं की अर्धा उत्साह मावळतो. शिवाय शेवगा फार चिवट. पाला पार चाटून गेला तरी पुन्हा फुटतो, त्याची काळजी नको.

खरा त्रास आहे तो केसांचा, आणि हे नीट समजलं की काय करायचं ते आपोआप कळतं. सुरवंटाचे केस बारीक, ठिसूळ, काट्यासारखे असतात. ते सहज गळतात, वाऱ्यावर उडतात आणि कातडीत रुततात. अळी मेली म्हणून केस निरुपद्रवी होत नाहीत. टाकलेल्या कातीत आणि कोशातही ते असतात. त्यामुळे ज्या मुलाने झाडाला हातही लावला नाही त्यालाही पुरळ येऊ शकतं. खालच्या मजल्यांवर दोरीवर वाळत घातलेले कपडे हे एक कारण हमखास निघतं. झाडाकडच्या बाजूला काही दिवस कपडे वाळत घालू नका आणि खाली लावलेल्या गाड्या कोरड्या फडक्याने पुसू नका, पाण्याने धुवा.

म्हणूनच वॉचमनला झाडू देऊन 'झटकून टाक' म्हणणं हा सगळ्यात वाईट उपाय. रॉकेलचा बोळा पेटवून जाळणं त्याच्या खालोखाल. शेतात मशाल फिरवून हे सुरवंट जाळतात हे खरं, पण तिथे खाली दुचाक्या लावलेल्या नसतात. साल भाजते ते वेगळंच.

शेवग्यावरचे हे सुरवंट रात्री वर चढून पाला खातात आणि दिवसा खोडावर एकत्र बसून राहतात. ही त्यांची सवय आपल्या फायद्याची आहे, कारण सकाळी सगळे एकाच जागी सापडतात. वारा पडलेला असताना, पावसाची उघडीप बघून काम काढा. माळ्याला पूर्ण बाह्यांचा रेनकोट द्या, सुती शर्ट नको, कारण गुळगुळीत प्लॅस्टिकवर केस अडकत नाहीत. सोबत रबरी हातमोजे, मास्क आणि डोळ्यांना बंद चष्मा. खाली जुनं प्लॅस्टिक अंथरा. मग भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी पंपाने त्या घोळक्यावर भरपूर मारा, अगदी निथळेपर्यंत. केस ओले होऊन एकमेकांना चिकटतात, उडत नाहीत. त्यानंतर लांब काठीला बांधलेल्या पत्र्याने किंवा लाकडी पट्टीने वरून खाली खरवडा आणि पडलेलं सगळं साबणाच्या घट्ट पाण्याच्या बादलीत टाका. रात्रभर तसंच राहू द्या, दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पुरा. कचऱ्याच्या डब्यात मात्र टाकू नका, ओला-सुका हाताने वेगळा करणाऱ्या माणसाचा विचार करा. माळ्याचे कपडेही वेगळे, गरम पाण्यात. एका फेरीत सगळे जात नाहीत, वरच्या फांद्यांवरचे उरतात, तेव्हा पुन्हा बघावं लागतं.

औषधाचं म्हणाल तर घोळका खोडावर मोठा झाल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. अळ्या लहान असताना बीटी पावडर चालते. तो एक जिवाणू आहे, अळीने फवारलेलं पान खाल्लं तरच काम करतो. उन्हात लवकर निकामी होतो, म्हणून संध्याकाळी फवारायचा, प्रमाण पाकिटावर असतं. पेस्ट कंट्रोलवाल्याला जहाल कीटकनाशक मारू देऊ नका. शेवग्याची शेंग कोण कधी तोडून आमटीत टाकेल याचा सोसायटीत भरवसा नसतो. भारद्वाज झाडावर येत असेल तर त्यालाही हाकलू नका, अळ्या खाणारा पक्षी आहे.

आवारात देशी बदाम, आंबा किंवा नारळ असेल तर पानांच्या खालची बाजूही बघा. हिरवी, आखूड, काटेरी झुपके असलेली अळी दिसली तर ती वेगळ्या जातीची. हिचे काटे विषारी असतात, हात लागताच शॉक बसल्यासारखी कळ येते. २०२२ मध्ये 'घोणस अळी' म्हणून जिची बातम्यांतून घबराट पसरली ती याच गटातली. सापाशी तिचा काडीचा संबंध नाही. चिमट्याने पानासकट तोडा आणि साबणाच्या पाण्यात टाका.

मुलांना केस लागले तर पहिली गोष्ट, चोळू द्यायचं नाही. चिकटपट्टी हलक्या हाताने लावून ओढा, दरवेळी नवा तुकडा. मग साबण आणि वाहतं पाणी, वरून बर्फ, कॅलामाइन. खाज थांबत नसेल तर गोळी डॉक्टरांना विचारून. डोळ्यात गेलं असेल तर पाण्याने धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, कारण केस आत रुतून बसू शकतो. ओठ सुजले किंवा दम लागला तर घरगुती उपायात वेळ न घालवता हॉस्पिटल गाठा.

आता तुमचं लिंबू. तिथल्या अळ्यांना केस नाहीत, लहानपणी त्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात आणि मोठ्या झाल्या की हिरव्यागार, असं असेल तर ती फुलपाखराची पिल्लावळ आहे. बोट लावलं की डोक्यामागून लाल किंवा केशरी शिंगं बाहेर काढून वास सोडतात, एवढंच. खाज येत नाही. कढीपत्त्यावरही याच येतात. आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ साली जाहीर झालेलं ब्लू मॉर्मन, तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. कुंडी लहान असेल तर एक-दोन ठेवा, बाकीच्या उचलून खालच्या बागेतल्या लिंबावर सोडा. आणि या कुंडीवर बीटी मारू नका, ती या अळ्यांनाही मारते.