रडलास, ते कुठल्या पानावर?

बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझे दोन्ही कागद परवा मिळाले. पहिला रात्री अडीच वाजता हॉस्टेलच्या गच्चीवर लिहिलेला, फुलस्केपच्या पाठपोट, मध्येच शाई फुटलेली. दुसरा आठ दिवसांनी टाइप केलेला, कॉलेजच्या वार्षिकांकासाठी, एकदम नीटनेटका. पहिल्यात तू म्हणतोस की 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'सारखं पुस्तक जन्मात वाचलं नाही, शब्द नाहीत, नुसता रडलो. दुसऱ्यात म्हणतोस की हे वाचकाला रडवायचं ठरवूनच बेतलेलं पुस्तक आहे, कॅन्सर झालेली सोळा-सतरा वर्षांची पोरं असं बोलत नाहीत, आणि अ‍ॅन फ्रँकच्या घरातलं ते चुंबन तर असह्य. मधल्या आठ दिवसांत रूमवरच्या मुलांनी तुझी टर उडवली आणि तू इंटरनेटवर टीका वाचत बसलास, तेही प्रामाणिकपणे कळवलंयस. आणि शेवटी विचारतोस, "बाई, यातलं माझं खरं मत कोणतं?"

एकही नाही. दोन्ही कागद मी तीन-तीनदा वाचले आणि मला रागच आला. चार पानं लिहिलीस, पण रडलास ते कुठे, हे एका ओळीतही नाही. पहिला कागद कुठल्याही रडवणाऱ्या पुस्तकाला चिकटवता येईल. दुसरा तर पुस्तक न उघडताही लिहिता येईल. कुठल्या पानावर, कुठल्या वाक्याशी तुझा घसा दाटला, ते आधी सांग. चांगलं की वाईट, ते मागाहून बघू.

तुझ्या दुसऱ्या कागदावरचं एकही वाक्य तुझं नाही, हे तुलाही माहीत आहे. मोठ्या माणसांनी किशोरांची पुस्तकं वाचायची लाज वाटायला हवी, असा एक लेख २०१४ साली अमेरिकेतल्या 'स्लेट' या ऑनलाइन मासिकात आला होता, त्याची सावली तुझ्या दोन परिच्छेदांवर पडलीय. त्या टीकेत तथ्य नाही असं मी म्हणत नाही. जिथे ज्यूंची पोर लपून राहिली आणि जिथून तिला छळछावणीकडे नेलं, त्या घरात हेझल आणि ऑगस्टस या नायक-नायिकेने चुंबन घ्यावं आणि भोवतीच्या पर्यटकांनी टाळ्या वाजवाव्यात, हे मलाही खटकलं. पण माझं खटकणं माझं आहे. मला त्या टाळ्या खटकल्या. हेझल ऑक्सिजनची टाकी घेऊन ते उभे जिने चढते, एकेका पायरीवर तिला दम लागतो, ते मला अजिबात खटकलं नाही. खटकलं तरी कुठे खटकलं ते सांगायचं असतं, रे.

जरा त्या पुस्तकाकडेच बघ. हेझल एका कादंबरीने झपाटलेली आहे. ती कादंबरी वाक्याच्या मध्यावरच तुटते आणि हेझलला एकच ध्यास, पुढे त्या माणसांचं काय झालं? त्यासाठी ती थेट अ‍ॅमस्टरडॅमला लेखकाच्या दारात जाते. लेखक दारू प्यायलेला, कडू, तिला वाटेल ते बोलतो आणि उत्तर काही देत नाही. २०१२ साली हे पुस्तक आल्यावर वाचकांनी त्याच्या लेखकाला, जॉन ग्रीनला, नेमकं तेच विचारायला सुरुवात केली: हेझलचं पुढे काय झालं? तो सांगत नाही. पुस्तक वाचकाचं असतं, एवढंच म्हणतो. म्हणजे वाचक पुस्तकाला काय मागतो आणि त्याला काय मिळतं, यावरचीच ही कादंबरी आहे. तुझ्या दोन्ही कागदांत याचा उल्लेखही नाही, कारण पहिल्या वेळी तुझे डोळे भरलेले होते आणि दुसऱ्या वेळी तू दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघत होतास.

मी कुठे रडले ते सांगते. ऑगस्टस गेला तिथे नाही. हेझल लहान असताना आयसीयूमध्ये पडलेली असते, तिची आई तिच्या वडिलांच्या कुशीत रडत म्हणते की आता मी कुणाची आई उरणार नाही, आणि ते पोरीच्या कानावर पडतं. एवढंच. पुढे कळतं की आई गुपचूप सोशल वर्कचं शिक्षण घेतेय आणि लेकीला वाईट वाटेल म्हणून लपवतेय. लेकीला उलट आनंदच होतो. मी तिथे पुस्तक पालथं ठेवलं आणि गॅस बंद करायला म्हणून उठले. गॅस बंदच होता. माझ्या वयाच्या बाईला ते पान लागणार. तुझ्या वयाच्या मुलाला पेट्रोल पंपावरचा प्रसंग लागला असेल का? मध्यरात्री ऑगस्टस एकटाच गाडी घेऊन सिगारेटचं पाकीट आणायला जातो. कधीच न पेटवलेल्या सिगारेटचं. निदान एवढं तरी आपलं आपण करावं म्हणून. आणि ओकारीत माखलेला, पोटातली नळी चिघळलेली, 'कुणाला बोलावू नकोस' म्हणून हेझलच्या विनवण्या करतो. तिथे प्रेमकथेचा सगळा रंग उतरतो. पण मी तुझ्या वतीने अंदाज बांधणार नाही. तू सांग.

एवढी मी का हट्टाला पेटले आहे, तेही ऐक. १९८२ साली मी ग्रंथालयात नुकती लागले होते. दर महिन्याला पुस्तक-चर्चा व्हायची. मला 'लव्ह स्टोरी'वर बोलायला सांगितलं. एरिक सेगलचं १९७० सालचं ते छोटं पुस्तक तेव्हा आमच्याकडे कपाटात कधी राहायचंच नाही. मी भाषणात त्याच्या चिंध्या केल्या. अमेरिकेतल्या नॅशनल बुक अवॉर्डच्या परीक्षकांनी राजीनाम्याची धमकी देऊन हे पुस्तक यादीतून काढायला लावलं, ही माहिती मी शोधून ठेवली होती, ती मोठ्या ऐटीत सांगितली. टाळ्या पडल्या. आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात, दुपारच्या सुट्टीत मी मागच्या मांडणीआड उभी राहून ते पुस्तक वाचताना हमसून रडले होते. मृत्यूपाशी नाही. भांडण होऊन नायिका जेनी निघून जाते, नवरा तिला गावभर शोधतो, आणि परत येतो तर ती घराच्या पायऱ्यांवर थंडीत बसलेली. किल्ली विसरले, म्हणते. आमच्या वाड्याच्या पायरीवर आई अशीच बसायची, वडिलांशी वाजलं की. ही सांगड लागायला मला चाळिशी गाठावी लागली, कारण त्या दिवशी मी ते पान लपवलं.

चर्चेला दुसऱ्या रांगेत एक बाई बसायच्या, आमच्या जुन्या वाचक. चार दिवसांनी त्यांनी 'लव्ह स्टोरी'ची प्रत परत केली, दुसरं पुस्तक बदलून नेलं नाही, अनामत रक्कम मागून घेतली. नंतर मी प्रत चाळली. पहिल्याच वाक्यात कळतं की पंचवीस वर्षांची मुलगी गेली. त्या 'पंचवीस'खाली पेन्सिलीची बारीक रेघ होती. बाकी अख्खं पुस्तक कोरं. मी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांनी मला पान दाखवलं होतं. मी परीक्षकांचे राजीनामे दाखवले.

पुढे ग्रंथपाल झाल्यावर मी अभिप्रायाच्या वहीत एक रकाना आखला: पान क्रमांक. तो भरल्याशिवाय 'अप्रतिम', 'डोळ्यांत पाणी आलं', 'टुकार' असलं काही लिहायचं नाही. लोक कुरकुरले, कार्यकारिणीत तक्रार गेली, वर्षभरात वही जवळजवळ ओस पडली. निवृत्त होईपर्यंत मी तो रकाना काढला नाही. लोकांचं लिहिणं माझ्यामुळे थांबलं असं अजून कुणी कुणी म्हणतं. म्हणू देत. जी दहा-बारा माणसं लिहीत राहिली, त्यांच्या नोंदी मी घरी उतरवून आणल्यात. त्यात एका एसटी कंडक्टरची 'श्यामची आई'वरची नोंद आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकाला आपल्याकडे 'रडकं' म्हणून हिणवणारे आजही आहेत. या माणसाने एवढंच लिहिलंय: 'तळव्यांना घाण लागू नये म्हणून आई ओचे पसरते, तिथे.' ही माझ्या मते त्या पुस्तकाची समीक्षा आहे.

तू म्हणशील, रडू असं मोजूनमापून येतं का? नाही येत. कधी ते पुस्तकाचं नसतंच. २०२० च्या जुलैत 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'वरचाच 'दिल बेचारा' हा सिनेमा आला, तेव्हा सुशांतसिंग राजपूतला जाऊन महिना-सव्वा महिनाच झाला होता. माझी भाची पहिल्या फ्रेमपासून रडत होती. तिला मी विचारलं, सिनेमातल्या मॅनीसाठी रडतेस की सुशांतसाठी? ती चिडली. दोन दिवसांनी आपण होऊन म्हणाली, सुशांतसाठी. मग तिने मूळ पुस्तक काढलं आणि त्यात ती भलत्याच ठिकाणी रडली. ठिकाण सापडलं म्हणून रडणं खोटं ठरत नाही. रूमवरच्या मुलांना तुझ्याकडून ते हिसकावता मात्र येत नाही. 'भारी रडलो' म्हणालास की ते हसणार. 'अमुक वाक्याशी रडलो' म्हणून ते वाक्य वाचून दाखव, आणि मग कोण हसतो ते मला कळव.

वार्षिकांकाची मुदत वीस तारखेपर्यंत आहे ना? मग वेळ आहे. पुस्तक पुन्हा काढ, हातात पेन्सिल घे, वाचनालयाची प्रत असेल तर चिठ्ठ्या घाल. सगळं वाचू नकोस, तुला आठवतात तेवढीच पानं वाच. एखाद्या ठिकाणी काहीच वाटलं नाही तर तेही लिही.

दोन्ही कागद सोबत परत पाठवते आहे. टाइप केलेल्यावर मी काही लिहिलेलं नाही. हाताने लिहिलेल्याच्या समासात पाच ठिकाणी 'कुठे?' असं लिहिलंय, त्यातलं चौथं, जिथे तुझी शाई फुटलीय, तिथून सुरुवात कर.

तुझी,
बाई