रशियन ऑफ-रोड गाड्या खरंच दणकट असतात का? मालक काय म्हणतात?

दणकट आहेत, पण आरामाची अपेक्षा ठेवू नका. लोक जास्त करून दोनच नावं घेतात, लाडा निवा आणि उआझ.

निवा १९७७ पासून बनतेय आणि मूळ डिझाइन अजून तेच आहे, फोर व्हील ड्राइव्ह कायम चालू, गिअरच्या दांड्याजवळ अजून दोन छोट्या दांड्या, एक लो रेंजची (वेग कमी, ताकद जास्त) आणि एक मधला डिफरन्शियल लॉक करायची (म्हणजे पुढची-मागची चाकं एकत्रच फिरतात), आणि स्टेपनी चक्क बॉनेटखाली इंजिनावर! बर्फात-चिखलात ही हलकी गाडी महागड्या एसयूव्हींना लाजवते असं मालक छाती ठोकून सांगतात. तेच मालक मग सुरू होतात की ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सचा) आवाज, वेग वाढला की थरथर, गंज लवकर लागतो, आणि १.७ लिटरचं इंजिन हायवेला ओव्हरटेक करताना रडवतं.

उआझ त्याहून रांगडी. ४६९ हे मॉडेल १९७२ पासून, मुळात सैन्यासाठी, त्यात पेट्रोलच्या टाक्याच दोन, यावरून ती किती पिते ते समजा. ऑइल गळणं वगैरे तर तिथे कोणी मनावरच घेत नाही. पण सायबेरियात भर रस्त्यात बंद पडली तर पाना-हातोडी घेऊन स्वतः उघडता येते, म्हणून लोक शिव्या घालत घालत पण वापरतात.

माझं मत विचाराल तर रोजच्या ऑफिसला नको, शिकार-मासेमारी किंवा खेडेगावातल्या कच्च्या रस्त्याला निवा बेस्ट, आणि स्वतः हात काळे करायची हौस असेल तरच उआझ.