विरघळले की नुसते विखुरले?

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. प्रकल्पासाठी झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांचे नॅनोकण तयार करून ते ५०० अंश सेल्सिअसला भाजून घेतले. ही भुकटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकून रात्रभर मॅग्नेटिक स्टररवर ठेवली, तरी विरघळली नाही. सकाळी स्टरर बंद केल्यावर थोड्याच वेळात दोन्ही बीकरांच्या तळाशी पांढरा थर बसला. मला कणांचा यूव्ही (अतिनील) वर्णपट घ्यायचा आहे आणि धातूचे प्रमाणही मोजायचे आहे. कोणता द्रावक वापरावा?

उत्तर : आपल्या या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. प्रयोगशाळेत दोन्हींसाठी ‘विरघळवणे’ हाच शब्द सर्रास वापरतात, तिथेच घोटाळा होतो. वर्णपटासाठी कण शाबूत राहून द्रवात विखुरलेले हवेत. धातू मोजायचा तर कण मुळीच उरता कामा नयेत, त्यांचे आयन झाले पाहिजेत. पाण्यात किंवा इथेनॉलमध्ये ही ऑक्साइडे म्हणण्यासारखी विरघळत नाहीत, त्यामुळे दोष आपल्या ढवळण्याचा नाही.

आधी धातूचे पाहू. झिंक ऑक्साइड उभयधर्मी, म्हणजे आम्ल आणि अल्कली दोन्हींशी अभिक्रिया करणारे, असून विरल आम्लात सहज विरघळते. १० मिलिग्रॅम भुकटी २ टक्के नायट्रिक आम्लात विरघळवून आकारमान १०० मिलिलिटर केले, तर लिटरमागे सुमारे ८० मिलिग्रॅम झिंक मिळते. ज्वालेवरच्या एएएसला (प्रकाशाच्या शोषणावरून धातू मोजणाऱ्या उपकरणाला) हे फारच जास्त होते, म्हणून द्रावण आणखी १०० पट विरल करून मगच वाचन घ्यावे.

टायटॅनियम डायऑक्साइड मात्र विरल आम्लाला दाद देत नाही. त्यासाठी संहत सल्फ्युरिक आम्ल आणि अमोनियम सल्फेट यांच्या मिश्रणात ते फ्यूम हूडखाली (विषारी धूर ओढून घेणाऱ्या कपाटात), मार्गदर्शक जवळ असताना, पांढरे धूर निघेपर्यंत तापवावे लागते, आणि गढूळपणा जाईपर्यंत धीर धरावा लागतो. मिश्रण पूर्ण निवल्यावर ते थंड पाण्यात थोडे थोडे ओतावे. पाणी आम्लात कदापि ओतू नये. आम्लता फार उतरली किंवा द्रावण गरम राहिले, तर टायटॅनियमचे जलअपघटन (पाण्याशी अभिक्रिया) होऊन पांढरा गढूळपणा परत येतो आणि सगळी मेहनत वाया जाते. टायटॅनियम खरोखर द्रावणात उतरले का, हे पाहण्यासाठी थोडे द्रावण परीक्षानळीत घेऊन हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन-तीन थेंब टाकावेत. पिवळा-नारिंगी रंग आला की खात्री पटते. हायड्रोफ्लुओरिक आम्लाने काम झटपट होईल असा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. ते काच खाते आणि त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करते.

आता वर्णपटाविषयी. ऑक्साइडच्या कणांवरील विद्युतभार पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, अवलंबून असतो आणि एका विशिष्ट सामूला तो शून्य होतो. टायटॅनियम डायऑक्साइडसाठी हा सामू साधारण ६ आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषलेले डिस्टिल्ड वॉटरही त्याच्याच आसपास असते! म्हणजे कणांनी एकमेकांना चिकटून तळ गाठावा अशी परिस्थिती आपण नकळत निर्माण केली होती. नायट्रिक आम्लाने सामू ३ पर्यंत आणला की कण धनभारित होऊन परस्परांना दूर लोटतात. झिंक ऑक्साइडवर मात्र हीच युक्ती केली, तर नमुनाच विरघळून जाईल. तो इथेनॉलमध्ये अगदी थोड्या प्रमाणात घ्यावा. स्टररने गुठळ्या फुटत नाहीत, त्यासाठी अल्ट्रासॉनिक (ध्वनीतीत लहरींचा) बाथ किंवा द्रवात बुडवायचा प्रोब हवा. प्रोब वापरताना बीकर बर्फात ठेवावा आणि मध्ये मध्ये थांबावे. प्रोबचे टोक बहुधा टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असते आणि ते झिजते, त्यामुळे टायटॅनियम मोजायच्या नमुन्यात ते बुडवू नये. भाजताना एकमेकांना घट्ट जुळलेले कण मात्र प्रोबनेही सुटे होत नाहीत.

०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून द्रव स्वच्छ उतरला म्हणजे पदार्थ विरघळला, असा निष्कर्षही काढू नये, कारण ती छिद्रे २२० नॅनोमीटरची असतात आणि आपले कण त्यांतून सहज निसटू शकतात. अंधारात त्या द्रवातून लेसर पॉइंटरचा किरण सोडून पाहावा; बाजूने पाहताना त्याची वाट उजळून दिसली, तर आत अजून कण आहेत.