पदवी नसताना परदेशात इंग्रजी शिकवता येते का?

पदवी नसताना परदेशात इंग्रजी शिकवता येईल का, या प्रश्नाचे उत्तर ‘होय, पण मोजक्याच देशांत’ असे आहे. कारण अडसर बहुधा शाळेचा नसून व्हिसाच्या नियमांचा असतो. दक्षिण कोरियात परदेशी भाषाशिक्षकांच्या ई-२ व्हिसाला पदवी लागते, आणि चीन व व्हिएतनाम येथेही कामाचा परवाना तिच्याशिवाय सहसा मिळत नाही. कंबोडिया आणि मेक्सिकोत मात्र पदवी नसलेल्यांनाही खासगी भाषावर्गांत काम मिळू शकते.

ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी सेल्टासारखे (CELTA, म्हणजे इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाचे केंब्रिजचे) प्रमाणपत्र घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. सुमारे १२० तासांच्या या अभ्यासक्रमात ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावे लागते. प्रशिक्षक मागे बसून टिपणे घेतात आणि प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट न पाहता तुम्ही स्वतःच बोलत राहिलात, इतक्या बारीक चुकाही नंतर दाखवून देतात. केवळ व्हिडिओ पाहून मिळणाऱ्या स्वस्त ऑनलाइन प्रमाणपत्रात नेमके हेच नसते.

‘आधी पर्यटक व्हिसावर या, कागदपत्रांचे नंतर पाहू’ असे सांगणाऱ्या संस्थेपासून मात्र कटाक्षाने दूर राहावे, कारण पुढे पगार थकला तर दाद मागणे अवघड होते आणि पकडले गेल्यास देश सोडण्याची वेळ शिक्षकावरच येते. परवान्यासाठी अर्ज कोण करणार आणि त्याचा खर्च कोण उचलणार, हे करारात लिहून घेतल्याशिवाय तिकीट काढू नये.