आबांच्या पेटीतला गठ्ठा

प्रिय ताई,

मी ४६ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. माहेर खटाव तालुक्यातलं. आबा (वय ७५) १९६८ साली बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि २४ वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून घरी आले. १९७१च्या युद्धात त्यांची पलटण आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढली, घरात आम्हाला एवढंच माहीत. विचारलं की "झालं ते झालं" म्हणतात आणि उठून गोठ्यात जातात. एकदाच, टीव्हीवर कसलासा कार्यक्रम लागला होता तेव्हा म्हणाले, "सकाळी मोजायला आम्हालाच लावलं." काय मोजायला, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

आता दादानं १६ डिसेंबरला गावात त्यांचा सत्कार ठरवलाय. बॅनरसुद्धा छापायला गेलाय. आबा इतके चिडले की दोन दिवस धड जेवले नाहीत. दादा म्हणतो, नंतर हळहळण्यापेक्षा आत्ता करू. मला दोघांचंही पटतं.

दुसरं असं, की दिवाळीत आबांची काळी पेटी आवरताना आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा सापडला. बुटाच्या नाडीनं बांधलेला. आईनं त्यांना पाठवलेली पत्रं. आईला लिहिता येत नाही, शाळेतले गुरुजी नाहीतर शेजारची पोरं लिहून द्यायची. गठ्ठा दाखवला तर आई म्हणाली, "जाळ ते. त्यात माझं काही नाही." आबांनी नुसतं बघितलं. मी गठ्ठा पुण्याला आणलाय, नाडी सोडलेली नाही. वाचू का? आई आता बरंच विसरायला लागलीय. स्वतःची जन्मतारीख तिला कधीच माहीत नव्हती, पण आबांचा आर्मी नंबर झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणते.

– एक लेक


प्रिय लेकी,

पहिल्यांदा तो गठ्ठा परत नेऊन पेटीत ठेवा. येत्या शनिवारीच. पत्रांचं पुढं काय करायचं ते शेवटी बोलू, पण तोवर ती तुमच्या कपाटात नकोत. आबा बघून गप्प बसले, म्हणजे त्यांनी परवानगी दिली असं मी धरणार नाही. ज्या माणसानं एक गठ्ठा बदली होईल तिथं, इतकी वर्षं सोबत वागवला, त्याची पेटी रिकामी झालीय. रात्री त्यांनी ती उघडून बघितली नसेल असं तुम्हाला वाटतं का?

आता सत्काराचं. दादाला जमालपूरची गोष्ट बहुतेक अशी माहीत असेल: आपल्या ब्रिगेडिअरनं शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदासोबत बंदुकीची गोळी पाठवली, आणि १० डिसेंबरच्या रात्री ३१ बलूच पलटण ठाणं सोडून निसटायला निघाली तेव्हा १ मराठा, म्हणजे आपली जंगी पलटण, वाट अडवून बसली होती. ११ तारखेला जमालपूर पडलं आणि पाच दिवसांनी ढाका. भाषणाला ही गोष्ट सोन्यासारखी आहे. ती रात्रीपाशी संपते. तुमच्या आबांची गोष्ट सकाळी सुरू होते. काय मोजायला लावलं ते तुम्हालाही कळलंय, म्हणून तर छाती झाली नाही. आबा तेव्हा २१ वर्षांचे होते. समोर पडलेलेही त्याच वयाचे असणार.

माईकवर "आबांनी शत्रूला पाणी पाजलं" असं कुणीतरी म्हणणार, टाळ्या पडणार, आणि त्यांना शाल पांघरून हसऱ्या चेहऱ्यानं बसायला लागणार. ते न जेवण्याचं कारण यापेक्षा फार वेगळं नसावं. बॅनर थांबवा. दादाला वाईट वाटेल, त्याचा हेतू खोटा नाही आणि त्याची घाई मला कळते. त्याला सांगा, आबांना आधी विचार: कार्यक्रमाला यायचं का, आणि आलात तर बसायचं कुठं? किती तरी माजी सैनिक स्टेजवर चढत नाहीत, पण मागच्या रांगेत दुसऱ्या पेन्शनर दोस्ताच्या खांद्याला खांदा लावून दोन तास आनंदानं बसतात. तालुक्यात त्यांच्या पलटणीचं कुणी हयात असेल, तर दादानं बॅनरचे पैसे गाडीभाड्याला घालावेत आणि आबांना त्या माणसाकडं घेऊन जावं. नेऊन सोडायचं आणि आपण बाहेर थांबायचं.

तुम्ही लिहिलं नाहीत, तरी विचारते. डिसेंबरात त्यांची झोप उडते का? रात्री ओरडून उठतात, अंगणात फेऱ्या मारतात असं काही आहे का? असेल तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, ईसीएचएसचं कार्ड असेलच. दवाखान्यात बीपी-शुगर दाखवायला जाल तेव्हा डॉक्टरांच्या कानावर हेही घाला.

त्यांच्याशी बोलायचंच असेल तर युद्धाचं दार सोडून दुसऱ्या दारानं आत जा. २४ वर्षांच्या नोकरीत लढाई चौदा दिवसांची होती. बाकीच्या दिवसांचं त्यांना कुणी विचारलंय का? बेळगावला भरतीला गेले तेव्हा सोबत गावातलं कोण होतं? उस्तादानं पहिला रगडा कशावरून दिला? लंगरची डाळ कशी असायची? शेजारच्या कॉटवर कोण झोपायचं? समोर खुर्ची टाकून, मोबाइल रोखून विचारू नका. शेंगा फोडायला बसा, हाताला काम द्या. ते मध्येच हिंदीवर जातील. फौजी माणूस फौजेचं फौजी हिंदीतच सांगतो, त्याचं मराठी करायला लावू नका. आणि बोलता बोलता उठून गोठ्यात गेले तर जाऊ द्या. तो दिवस तेवढाच.

खरं सांगू, तुमचं पत्र वाचताना आबांपेक्षा मी आईपाशीच जास्त रेंगाळले. तुम्ही तिच्याबद्दल अगदी शेवटी लिहिलंत, तेही पत्रांच्या निमित्तानं.

सातारा तालुक्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, तुम्हाला ठाऊक असेलच. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. मी ते बघायला गेले होते तेव्हा शेजारी एक म्हातारी वाळवण राखत बसली होती. तिचा नवरा फौजेत, दीर फौजेत, मुलगा फौजेत. मी तिला काय विचारलं असेल? स्तंभ कधी बांधला! तिनं "मला काय म्हाईत बाई" म्हटलं आणि कावळा हाकलला. मीही पुढं निघाले. तीस वर्षं मी लोकांच्या घरातलं ऐकून लिहितेय, आणि त्या दिवशी मला एवढंही सुचलं नाही की माहिती बाईकडं आहे, दगडाकडं नाही.

तुमच्या आईचा हिशेब मांडून बघा. १९७१ला ती सतरा-अठरा वर्षांची असेल. नवरा कुठं आहे ते माहीत नाही, पत्त्यावर नुसतं ९९ एपीओ, म्हणजे फौजेच्या पोस्टाचा नंबर. त्या पत्त्यावरून गाव कळत नाही, मुलूख कळत नाही, पूर्वेकडं कुठंतरी एवढंच. गावात रेडिओ एक-दोन घरी, तिथं पुरुष बसणार. तार आली की वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची, कारण चांगली बातमी कुणी तारेनं कळवत नसे. लढाई संपते न संपते तोच बहात्तरचा दुष्काळ. खटाव-माणला तो कसा गेला हे तुम्ही आजीकडून ऐकलं असेल: सरकारी कामावर खडी फोडायची, रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या भाकरी खायच्या, पोरांना सुकडी. नवरा वर्षाकाठी दोन महिने सुट्टीवर. बाकीचे दहा महिने सासू, जनावरं, कोरडी विहीर आणि उशिरा येणारी मनिऑर्डर. यातलं कुठलं पदक पेटीत आहे? 'संग्राम मेडल' असेल, 'पूर्वी स्टार' असेल. दोन्ही आबांची.

माझी एक मावशी अशीच फौजीची बायको होती. ती गेल्यानंतर कळलं, की पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की ती ओट्यावर यायचीच नाही. गोठ्यात जाऊन म्हशीच्या अंगाला तोंड लावून उभी राहायची, कुणी हाक मारून "पत्र आहे, तार नाही" म्हणेपर्यंत. हे मला तिच्या जावेनं सांगितलं, तेराव्याच्या जेवणात, वाढता वाढता.

म्हणून आधी आईजवळ बसा. ती विसरायला लागलीय, म्हणजे वेळ तिच्याकडं कमी आहे. जुनं बहुधा अजून शाबूत असेल, काल काय जेवलं ते जाईल. दुपारी चहा झाल्यावर बसा, संध्याकाळी थकल्यावर नको. तारखा विचारू नका, चुकतेय म्हणून दुरुस्त करू नका. तो आर्मी नंबर तिला म्हणायला लावा आणि मग विचारा, "कुणी पाठ करून घेतला गं?" बहुतेक तिथूनच धागा लागेल. फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर तिला सांगून करा.

आणि त्या नंबरावरून एक रुक्ष काम. आईची जन्मतारीख कुणालाच माहीत नाही म्हणता. मग आबांच्या कागदांत काय लावलीय? डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि आईचं आधार कार्ड शेजारी-शेजारी ठेवून बघा. एकीकडं माहेरचं नाव, एकीकडं सासरचं, कुठं "बाई" जोडलेलं, जन्मसाल तिन्ही ठिकाणी वेगळं, हे आपल्याकडं घरोघरी असतं. आबा हयात आहेत तोवर ते साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करून दुरुस्त करता येतं. ते स्वतः सही करायला असतात तेव्हा काम सरळ होतं. मागे राहिलेल्या बाईला फॅमिली पेन्शनसाठी "ती मीच" हे सिद्ध करत हिंडावं लागतं, तेही सुतकाच्या दिवसांत. आठवणींच्या गोष्टीत हे काय काढलं असं वाटेल. पण सरकारदरबारी तुमच्या आईची नोंद म्हणाल तर ती त्या एका रकान्यात आहे, तिथं तरी नाव बरोबर असू दे. सत्कारासाठी दादाची जी धावपळ चाललीय ती या कामाला लावा. त्याला काम हवंच आहे.

राहिली पत्रं. त्यांत काय असेल ते न वाचताही थोडंफार सांगता येईल. "सर्व मंडळी खुशाल आहेत. जनावरं बरी आहेत. पाऊस नाही. तब्येतीस जपावे." सतरा वर्षांची पोरगी गुरुजींसमोर, शेजारी सासू बसलेली असताना, नवऱ्याला आणखी काय लिहायला सांगणार? "त्यात माझं काही नाही" म्हणते ते चिडून म्हणत नाही, ते खरंच आहे. आणि आबांनी मात्र तेच जपून ठेवलं. या दोन गोष्टी एकमेकांना माहीत नसाव्यात असा माझा कयास आहे. आपण जपलंय हे आबांनी तिला कधी सांगितलं नसणार, आणि आपण काय सांगितलं नाही ते तिनं त्यांना.

तेव्हा वाचू नका. शनिवारी पेटी ओसरीवर उन्हात ठेवा, कपड्यांना ऊन द्यायचं म्हणून. गठ्ठा वर ठेवा. आबांना म्हणा, "तुमचं परत आणलंय." आईला एवढंच विचारा, की गुरुजींना सांगायचं काय राहिलं होतं? ती तुम्हाला सांगेल, त्यांना सांगेल, नाहीतर कुणालाच सांगणार नाही. कागद जाळायचेच ठरले तर दोघांना मिळून जाळू द्या, परसातल्या पाणी तापवायच्या चुलीत. नाडी आबांनाच सोडू द्या. तुम्ही तेवढा वेळ आत भाकऱ्या थापत बसा.

– तुमची ताई