बिनगिअरच्या स्कूटरला चढावर ताकद मिळते कुठून?

तुम्ही विचारलंय की गिअरच नसतील तर चढावर ही गाडी खालचा गिअर टाकते कसा, आणि घाटात राहणाऱ्यानं अशी गाडी घ्यावी का. घ्यावी. मी साताऱ्याची, चौदा वर्षं यवतेश्वरचा घाट असल्याच गाडीवरून चढतेय.

गिअर नसतात हे म्हणणंच चूक. दोन पुल्या, पुढची इंजिनाला आणि मागची चाकाकडे जोडलेली, मध्ये रबरी बेल्ट. पुढच्या पुलीत रोलर असतात. वेग वाढला की ते बाहेरच्या बाजूला फेकले जातात, पुलीच्या ताटल्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. मागच्या पुलीत तोच बेल्ट ताटल्या फाकवत आत उतरतो. हा टॉप गिअर. चढ लागून चाकावर भार आला की मागच्या पुलीतल्या तिरक्या खाचा तिच्या ताटल्या पुन्हा आवळतात. बेल्ट मागे वर, पुढे खाली. झाला खालचा गिअर. तो हातानं पडत नाही, भारानं पडतो.

एका श्रावणी सोमवारी सासूबाईंना मागे बसवून यवतेश्वराला निघाले होते. दुसऱ्याच वळणावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी सरकेना, वर जळका वास. सासूबाईंना दुखऱ्या गुडघ्यांनी उतरून चालावं लागलं. मागून मोठे दीर त्यांच्या गिअरच्या स्कूटरवरून आले, आईंना बसवून घेतलं आणि म्हणाले, "तरी सांगत होतो, ही बायकांची गाडी. भाजी आणायला ठीक आहे." हे वाक्य मी पुढे प्रत्येक सणाला ऐकलं.

पहिल्या गॅरेजवाल्यानं काही न उघडताच सांगितलं, इंजिन गेलंय, आठ हजार लागतील. मी गाडी परत आणली. गोडोलीतल्या एका पोरानं माझ्यासमोर डावीकडचं कव्हर काढलं. क्लचचे शू, म्हणजे मागच्या पुलीची ताकद चाकाकडे पोचवणारे घर्षणाचे तुकडे, काचेसारखे गुळगुळीत झालेले. ते ज्या वाटीला आतून धरतात, ती तापून निळी-जांभळी पडलेली. रोलर एका बाजूनं इतके चपटे की फरशीवर ठेवले तर गडगडेनात. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. शू, रोलर, बेल्ट बदलून दोन हजारांच्या आत काम झालं आणि पुढच्या सोमवारी सासूबाई माझ्याच मागे बसून देवळापर्यंत गेल्या.

ते कव्हर आम्ही २५,००० किलोमीटर उघडलंच नव्हतं. दिरांच्या गाडीची क्लचकेबल दर पावसाळ्यात तुटायची, तेव्हा कुणी म्हटलं नाही की पुरुषांची गाडी घाटात चालत नाही. आपल्याकडे बिनगिअरची कायनेटिक होंडा १९८०च्या दशकात आली. त्याच्या कितीतरी आधी, १९५८ साली, हॉलंडच्या डाफ कंपनीनं हीच बेल्ट-पुलीची युक्ती चारचाकी मोटारीत घातली होती. यात बायकांचं काय आणि पुरुषांचं काय?

उतारावर मात्र दिरांचं खरं आहे. इंजिन गाडीला फारसं रोखून धरत नाही, आणि वेग अगदी कमी झाला की क्लच सुटून गाडी मोकळी घरंगळते. दोन्ही ब्रेक वापरा, चावी बंद करून उतरू नका. ॲव्हरेजही गिअरच्या गाडीपेक्षा थोडं कमीच धरा.

आणि कासच्या फुलांच्या दिवसांत घाटात रांग लागते, तेव्हा चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी जागच्या जागी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा. माझे शू तसेच जळले होते.